अली, टायसन आणि नवजीवन सोसायटी

तात्यासाहेब औताडे आणि कडुबा दांडगे यांचं बोलणं बंद झालं ते मोहम्मद अलीमुळं. टायसनचाही त्यात हात होता, पण तात्यासाहेबांच्या मते सुरुवात टायसनकडून झाली आणि कडुबांच्या मते अलीकडून. एकूण दोघा अमेरिकन माणसांच्या भांडणात, जे भांडण त्यांनी स्वतः कधी केलंच नव्हतं, चिकलठाण्याच्या नवजीवन सोसायटीतली एक चांगली जुनी दोस्ती कामी आली.

तात्यासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. त्यांनी नापास केलेला नट पुन्हा पास करायची कुणाची छाती नव्हती. निवृत्तीनंतर मात्र नापास करण्याजोगं फारसं काही हाताशी उरलं नाही. एकदा त्यांनी भाकरी नापास करून पाहिली, तेव्हा पत्नी चतुराबाईंनी पिठाची परात त्यांच्यासमोर सरकवली आणि त्या शेजारी निघून गेल्या. तेव्हापासून तात्यासाहेब मोबाइलवर जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघू लागले. तिथं नापास करायला भरपूर वाव होता आणि कुणी परात पुढं करत नव्हतं.

कडुबा दांडगे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आडनाव दांडगे असलं तरी देहयष्टी मिटलेल्या छत्रीसारखी. पण माणसाला मनातून कोण आवडावं याला देहयष्टीचा निर्बंध नसतो. कडुबांना टायसन आवडायचा. रोज पहाटे दोघं विमानतळाच्या भिंतीपर्यंत चालत जायचे आणि परतताना टपरीवर चहा घ्यायचे. तिथंच हे झालं.

"तात्या, खरं सांगू का," कडुबा बशी खाली ठेवत म्हणाले, "टायसन ऐन भरात असताना समोर आला असता ना, तर तुझ्या अलीला पहिल्याच राउंडला झोपवला असता."

"आधी सापडला तर पाहिजे. अली म्हंजी काय तुझ्या खात्याचा पाट हाय का, आहे तिथंच पडून ऱ्हायला?"

"त्या होम्स बॉक्सरनं अलीला हाणलं. टायसननं होम्सला हाणलं. आता तूच लाव अर्थ."

"अली तवा म्हातारा झालता. अडतीस वर्षांचा!"

"अडतीसला म्हातारा? मला अडतीसला पोरगी झाली."

"पोरगी होणं अन् हेवीवेट लढणं एक हाय का?"

"गीताला इचार."

तात्यासाहेबांनी कडुबांच्या बायकोला, गीताबाईंना, विचारलं नाही. त्यांनी तपासणी खात्याच्या थंड आवाजात सांगितलं की टायसनसमोर आला तेव्हा होम्सही अडतीस वर्षांचाच होता, तेव्हा त्याला हरवण्यात काय मोठी मर्दुमकी! उत्तर नसलं की माणूस आवाज वाढवतो, त्याप्रमाणं कडुबा टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा अली म्हंजी नुसता पळणारा!"

तात्यासाहेब उठले. "दांडगे," ते म्हणाले, "आपण आपल्या वाटेनं चला."

पंचवीसेक वर्षांत 'तू'चं 'आपण' पहिल्यांदाच झालं होतं. टपरीवाल्यानंसुद्धा गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवसापासून दोघं वेगवेगळ्या बाजूंनी फिरायला जाऊ लागले. पण विमानतळाची भिंत एकच असल्यामुळं तिथं गाठ पडायचीच. तेव्हा कडुबा भिंतीकडं तोंड करून हात वर-खाली करायचे आणि तात्यासाहेब आकाशात नसलेलं विमान बघायचे. चतुराबाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मेलेल्या माणसावरून भांडलात व्हय?"

"टायसन जिवंत हाय," तात्यासाहेब म्हणाले.

"मग त्यालाच इचारा ना बापा. आमची काहून शांतता घालवायलात?"

तात्यासाहेबांनी ठरवलं, या प्रश्नाचा जाहीर आणि शास्त्रीय निकाल लावायचा. सोसायटीच्या मोकळ्या जागेत व्याख्यान ठेवायचं, पडद्यावर चित्रफिती दाखवायच्या, पायांची हालचाल, हातांचा पल्ला, दम, सगळं मुद्देसूद मांडायचं आणि शेवटी दांडगे यांना चार लोकांत विचारायचं: आपलं काही म्हणणं? एवढा साधा बेत होता. सुरुवातीला सगळेच बेत साधे असतात, नंतर त्यात सोसायटी शिरते.

सोसायटीचे चेअरमन धोंडिबा शेळके एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि अजूनही समोरच्या माणसाशी तो प्लॅटफॉर्म चुकलेला असल्यासारखं बोलायचे. त्यांनी बेत ऐकून घेतला आणि म्हणाले, "कार्यक्रम म्हणल्यावर पाहुणा पाहिजे. पाहुणा म्हणल्यावर हार पाहिजे. अन् फ्लेक्स तर पाहिजेच. फ्लेक्स नाय लावला तर लोकांला वाटतं काहीतरी लपवायलेत."

बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झाली आणि सल्ले येऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठ्यांनी विचारलं, "दोघं एका वजनाचे आहेत का?" तात्यासाहेब म्हणाले, दोघंही हेवीवेट. तलाठी म्हणाले, "ते झालं मोघम. किलोत सांगा." महिला मंडळानं त्याच मांडवात साखर तपासणीचं शिबिर घ्यायची सूचना केली, कारण ठोसे खाऊन कुणाला चक्कर आलीच तर साखर किती होती ते लगेच कळेल. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ रोज येऊन एवढंच म्हणायचे, "लई छान. पण कबड्डी ठेवली असती तर?" तात्यासाहेब प्रत्येकाला समजावत राहिले की इथं कुणीही कुणाशी लढणार नाही, हे वैचारिक आहे. 'वैचारिक' हा शब्द ऐकला की लोक सहानुभूतीनं मान हलवायचे.

फ्लेक्सचं काम प्रणयला दिलं. चौकात त्याचं दुकान होतं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण अशी की त्याला दुसऱ्या प्रकारचा फ्लेक्स येत नव्हता. रात्रीत लागलेला फ्लेक्स सकाळी तात्यासाहेबांनी पाहिला. डाव्या कोपऱ्यात अली, उजव्या कोपऱ्यात टायसन आणि मधोमध, दोघांच्या दुप्पट आकाराचे, गॉगल लावलेले धोंडिबा शेळके. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की खरी लढत धोंडिबांशी आहे आणि हे दोघं अजून मनाची तयारी करतायत. खाली तात्यासाहेबांचा आधार कार्डावरचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत: 'मोहम्मद अली विरुद्ध माइक टायसन. रविवारी सायंकाळी. सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.'

"व्याख्यान हा शब्द कुठंय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काका, जागाच नाय उरली," प्रणय म्हणाला. "चेअरमनसाहेबांचा गॉगल काढला असता तर बसला असता, पण ते नक्को बोलले."

दुपारी चौकीतून बोलावणं आलं. हवालदार सभ्य माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "हे जे अली आहेत, ते राहायला कुठं?"

"ते वारले."

"अरेरे. कधी?"

"दोन हजार सोळाला."

हवालदारानं क्षणभर गांभीर्य पाळलं. "आणि हे टायसन?"

"ते अमेरिकेत असतात."

"म्हणजे परदेशी नागरिक. येणार कधी, उतरणार कुठं?"

"साहेब, ते येणारच नाहीत. एक वारलेत आणि दुसऱ्यांना याची कल्पना नाही. आपण फक्त असं धरायचं की ते लढले असते तर."

"धरायचं," हवालदार म्हणाला. त्यानं हा शब्द जिभेवर घोळवला आणि बाजूला ठेवून दिला. "हे बघा काका, तुम्ही शिकलेले आहात. लढत असो की नसो, हे 'विरुद्ध' आधी काढा. आपल्या शहरात 'विरुद्ध' लिहिलं की मला बंदोबस्त लावावा लागतो. खाली-पिली कुणाच्या विरुद्ध कशाला? 'आणि' लिहा."

तात्यासाहेबांना मुद्दा पटला नाही, पण खुर्ची चौकीतली होती. प्रणयनं 'विरुद्ध'वर पांढरी पट्टी चिकटवून 'आणि' लिहिलं. आता फ्लेक्स म्हणू लागला, 'मोहम्मद अली आणि माइक टायसन, रविवारी सायंकाळी'. त्यामुळं ज्यांना आतापर्यंत लढतीचीच आशा होती, त्यांना दोघं सत्काराला येतायत याची खात्री पटली. खुलताबादहून तात्यासाहेबांच्या भाच्याचा, कृष्णाचा फोन आला, "मामा, लई मोठं काम केलं तुम्ही! तालमीतली सगळी मंडळी घेऊन येतो. टेम्पो केलाय." फोन ठेवल्यावर तात्यासाहेबांनी चतुराबाईंकडं पाहिलं. चतुराबाईंनी परातीकडं पाहिलं.

"किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"टेम्पोभर."

"तुमच्या अलीला सांगा भाकरी थापायला."

मधल्या काळात कडुबांनीही हालचाल केली होती. व्याख्यान एकतर्फी होऊ नये म्हणून त्यांनी चेअरमनला भेटून टायसनच्या बाजूनं बोलायला वेळ मागून घेतला होता, आणि पुरावा म्हणून गीताबाईंच्या माहेरच्या ओळखीतला संघपाल नावाचा बॉक्सिंगचा प्रशिक्षक आणायचं कबूल केलं होतं. संघपालनं आपले दोन विद्यार्थी आणून टायसनची शैली प्रत्यक्ष करून दाखवायची असं ठरलं. हे ऐकून तात्यासाहेबांना रात्री झोप लागली नाही. आपल्या बाजूनं नुसता पडदा आणि त्यांच्या बाजूनं जिवंत माणसं, हा अन्याय होता.

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. संघपालनं चार बांबू रोवून दोर बांधले आणि रिंगण केलं. जमिनीवर अंथरायला काही हवं होतं, म्हणून धोंडिबांनी मागच्या वर्षीच्या गणपतीचे जुने फ्लेक्स काढून दिले. पाच वाजता माणसं यायला लागली आणि येतच राहिली. वाळूजच्या पहिल्या पाळीची पोरं मोटारसायकलींवर आली. टेम्पोतून तालीम उतरली. साखर तपासणीच्या टेबलासमोर रांग लागली, कारण लोकांना वाटलं आत सोडण्याआधी रक्त द्यावं लागतं.

तात्यासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घालून माइक हातात घेतला. "सज्जनहो, बॉक्सिंगच्या इतिहासात काळाची तुलना हा अत्यंत नाजूक विषय आहे," त्यांनी सुरुवात केली. पडद्यावर अली दिसायला हवा होता. पण ऊन सरळ पडद्यावर येत होतं आणि त्यावर फक्त एक उजळ चौकोन दिसत होता. "आता अलीचे पाय बघा," तात्यासाहेब म्हणाले. सगळ्यांनी चौकोन बघितला. "आता बघा, त्यानं मान कशी मागं घेतली!" चौकोनानं काही केलं नाही. 

तालमीतून आवाज आला, "कुस्ती कवा हाय?"

धोंडिबांनी पुढं होऊन जाहीर केलं की आता प्रात्यक्षिक होईल. संघपाल त्यांच्या कानात काहीतरी बोलला. त्याचे दोन्ही विद्यार्थी भरती परीक्षेला गेले होते आणि पेपर उशिरा सुटला होता. ग्लोव्ज होते, हेल्मेटं होती, माणसं नव्हती. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी 'अली कुठंय, अली कुठंय' असा ठेका धरला.

कडुबा पहिल्या रांगेतून उठले. "अली आता येतोच," ते मोठ्यानं म्हणाले, "जरा पळायला गेलाय."

मांडव हसला. तात्यासाहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या सहीशिवाय गाडीचा नट कारखान्याबाहेर पडत नव्हता, त्याच्यावर टेम्पोभर पैलवान हसत होते. त्यांनी माइक खाली ठेवला, तो सुरूच होता, त्यामुळं पुढचं वाक्य चिकलठाणाभर गेलं. "दांडगे, आपण टायसन असाल तर आत या."

कडुबांना बहुधा अशी अपेक्षा नव्हती. पण त्यांच्यामागं आता दोनेकशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि टाळ्या वाजायला लागल्या की मागं फिरायची वाट राहत नाही. त्यांनी सदरा काढला. आत बनियनवर कमरदुखीचा रुंद पट्टा होता. मांडवाला वाटलं तो विजेतेपदाचा पट्टा. प्रचंड जल्लोष झाला.

"अहो, पट्टा नका काढू!" गीताबाई ओरडल्या. "डॉक्टरनी सांगितलंय!"

"काढू देऊच नका!" तालीमही ओरडली. "चँपियन हाय!"

संघपालनं दोघांना ग्लोव्ज चढवले, हेल्मेटं घातली आणि हळूच सांगितलं, "काका, नुसतं हात लावल्यासारखं करा. दोघांनी बीपीच्या गोळ्या घेतल्यात ना?" दोघांनी मान हलवली. हेल्मेटमुळं ती हलल्याचं कुणाला दिसलं नाही.

तात्यासाहेब अली होते, तेव्हा नाचणं भाग होतं. ते कडुबांच्या भोवती उड्या मारत फिरू लागले. कडुबा टायसनसारखे खाली वाकले, आणि कमरेच्या पट्ट्यामुळं अर्ध्यातच अडकले. त्याच अवस्थेत ते जागच्या जागी फिरत राहिले. एका बाजूनं तात्यासाहेब फिरतायत, मधोमध कडुबा फिरतायत, असं बराच वेळ चाललं. दोन फेऱ्यांनंतर तात्यासाहेबांना मांडवही फिरताना दिसू लागला. त्यांनी आधारासाठी हात पुढं केला, तो कडुबांच्या खांद्यावर पडला. कडुबांनाही उभं राहायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी तात्यासाहेबांना कवळलं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून धापा टाकत उभे राहिले.

"सोड," तात्यासाहेब म्हणाले.

"तू सोड आधी. सोडलं की म्या पडतो."

"मग पड."

"तुझ्या भाच्यासमोर? नाय पडत."

आणि त्याच क्षणी बी विंगच्या गच्चीवरून बाई ओरडली, "नळ आला! अवो, नळ आला!"

आठवड्यानं येणारं पाणी उद्या येणार होतं. ते आजच आलं. त्यानंतर जे झालं ते तात्यासाहेब आयुष्यभर विसरणार नव्हते. पहिली रांग उठली, मग दुसरी, मग महिला मंडळ साखरेची यंत्रं टेबलावर टाकून गेलं. चतुराबाई आणि गीताबाई एकमेकींचा हात धरून पळाल्या. धोंडिबा मोटरच्या चाव्या शोधत गेले. तालीम पाहुणी असूनही बादल्या उचलायला धावली, ही खुलताबादची रीत. शेवटी संघपालनं दोराखालून पाय बाहेर काढला. "काका, दोन मिनिटं! वरच्या टाकीचा कॉक बंद ऱ्हायलाय म्हणतायत. तवर काही करू नका."

मांडवात दोघंच उरले. पडद्यावरचा चौकोनही मावळतीबरोबर नाहीसा झाला होता आणि त्यावर आता, कुणीच बघत नसताना, अली अगदी स्पष्ट दिसत होता.

"आता?" कडुबांनी विचारलं.

"आता काय. कुणी नाय बघायला. सोड."

"तात्या," कडुबा त्यांच्या खांद्यावरूनच म्हणाले, "पहाटे भिंतीपशी एकट्यानं लई बोर होतं राव."

तात्यासाहेबांनाही होत होतं. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडलंच होतं म्हणून म्हणाले, "तरी अली पळत नव्हता."

"पळतच होता."

दोघं एकदमच सुटले आणि दोघांनी एकदमच ठोसा मारला. दोन्ही ठोसे चुकले. कडुबांचा उजवा हात तात्यासाहेबांच्या कानाजवळून जाऊन बांबूवर बसला. तात्यासाहेब आपल्याच ठोशाच्या मागं ओढले गेले, पायाखालचा गणपतीचा फ्लेक्स सरकला आणि घोटा वळवून ते खाली बसले. कडुबा हात धरून त्यांच्या शेजारी बसले. वरच्या गच्च्यांवर टाक्यांमध्ये पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"मोडला का रे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"वाटतंय. तुझा?"

"मुरगळला. हाका मारू का?"

"आता कोण येतंय? नळ हाय."

कुणी आलं नाही. आधी टाक्या भरल्या, मग पिंपं भरली, मग तालमीनं भाकऱ्या खाल्ल्या, आणि मग चतुराबाई आणि गीताबाईंनी आपापले नवरे उचलले. कृष्णाच्या टेम्पोतूनच त्यांना जालना रोडवरच्या एका दवाखान्यात नेलं. वाटेत चतुराबाई गीताबाईंना एवढंच म्हणाल्या, "पाण्याच्या आदल्या दिवशीही कधी कार्यक्रम ठेवू नये." 

हाडांच्या डॉक्टर मोनिका तिशीच्या आसपासच्या, हसतमुख बाई होत्या. त्यांनी दोघांचे एक्स-रे उजेडावर धरले. "बापरे. झालं काय नेमकं?"

"टायसननं ठोसा मारला," कडुबा अभिमानानं म्हणाले.

"अलीनं चुकवला," तात्यासाहेब म्हणाले. "म्हणून बांबूला लागला."

डॉक्टरबाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात भिजवता भिजवता त्या म्हणाल्या, "काका, राग मानू नका. आमचे बाबा आणि मी सगळ्या लढती बघतो. पण खरं सांगू का, फ्युरीसमोर तुमचा अलीही टिकला नसता आणि तुमचा टायसनही. सहा फूट नऊ इंच उंची! दोघांनाही झोपवलं असतं."

चतुराबाईंनी डोळे मिटले.

"कोण म्हणलात?" कडुबांनी विचारलं.

"टायसन फ्युरी."

"टायसनच ना मग?"

"नाही काका, हा वेगळा. ह्याच्या वडिलांनी तुमच्या टायसनवरून नाव ठेवलं."

"नाव उसनं घेतलेला माणूस," तात्यासाहेब म्हणाले, "तो झोपवणार? बाई, उंचीचं काय घेऊन बसलात? अली त्याला नाचवून नाचवून घामाघूम करील."

"व्हय," कडुबा म्हणाले. "अली त्याला हातबी लावू देणार नाय. अलीचे पाय कसले होते, बघितलेत तरी का तुम्ही?"

तात्यासाहेबांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. मग घसा साफ केला. "आणि कडुबाचा टायसन जर का त्याच्या बरगडीखाली शिरला," ते म्हणाले, "तर ही उंची काय कामाची?"

"काका, हात हलवू नका," डॉक्टर कडुबांना म्हणाल्या. "प्लास्टर ओलं आहे."

"हलवत नाय. नुसतं दाखवायलो. असा खाली वाकणार, आणि असा..."

"तात्यासाहेब, त्यांना धरा ना जरा!" गीताबाई म्हणाल्या.

"धरलंय. कडुबा, कोपर अजून वर घे. डॉक्टरबाईंना नीट दिसू दे."

डॉक्टरबाई मागं सरल्या तेव्हा प्लास्टर वाळलं होतं. कडुबांचा उजवा हात कोपरात वाकलेला, मूठ हनुवटीच्या उंचीवर, खांदा जरा पुढं. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हाड अगदी बरोबर बसलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "हे प्लास्टर मी आता तोडणार नाही. असंच राहू द्या."

त्यामुळं पुढं बरेच दिवस विमानतळाच्या भिंतीकडं पहाटे फिरायला जाणाऱ्या लोकांना दोन गृहस्थ दिसायचे. एक काठी टेकत लंगडत चाललेले, दुसरे कायम कुणाला तरी हाणायच्या तयारीत, आणि दोघं मिळून न दिसणाऱ्या तिसऱ्या माणसाला झोडपत असायचे. समोरून येणारे रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. तात्यासाहेब मात्र मित्राच्या शेजारीच चालायचे, पण डाव्या बाजूनं.